औशाच्या वाटेवर पळणारी पोरं

लातूर

मी लातूरला गेले ती हुरडा खायला. आमच्या मीराचं लग्न राहुलशी झालं, दोघं नोकरीसाठी बंगळूरला राहिले, आणि विहीणबाई कांताबाई दर फोनवर एकच म्हणायच्या, "ताई, एकदा या की आमच्याकडं. हुरड्याच्या दिसात या." चिपळूणला माझी खानावळ आहे. कॉलेजची पोरं जेवायला असतात, त्यामुळे चार दिवस घर सोडायचं म्हणजे मोठी यातायात. या थंडीत मात्र पोरांना सुट्टी लागली, मी खानावळीला कुलूप घातलं आणि निघाले.

प्रवासाचं काही सांगत नाही. घाट संपल्यावर झाडं कमी होत गेली, माती काळी होत गेली, आणि डोळ्यांना सवय नसलेलं एवढं मोठं आभाळ बघून मला उगीचच उघड्यावर बसल्यासारखं वाटायला लागलं, एवढंच. आमच्याकडे कुठेही उभं राहा, समोर डोंगर नाहीतर माड असतो. इथे नजर अडवायला काहीच नाही.

कांताबाई स्टँडवर न्यायला आल्या होत्या. त्यांचं गाव उमरीकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. गावात त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. धाकटा मुलगा सुमेध लातूरला खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतो, म्हणून बेत असा ठरला होता, की दोन दिवस लातूर, मग सुमेधला बरोबर घेऊन नांदेड आणि गाव.

"मागच्या भरतीत थोडक्यात हुकला बघा," रिक्षात त्या सांगत होत्या. "ह्या टायमाला होनारच. पन जाहिरात येती, तारीख पडती, परत पुढं ढकलून राहिलेत. पोरांचं वय काय थांबतंय व्हय?"

कांताबाईंनी लॉजवर खोली घेतली होती, सुमेध तिथे भेटायला आला. उंच, काटक, देखणा पोरगा. वाकून नमस्कार केला, "मावशी, प्रवास कसा झाला?" विचारलं. कांताबाईंनी गावाहून शिदोरी आणली होती. ज्वारीच्या पातळ भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, शेंगदाण्याची लाल चटणी. मी तर दोन भाकरी हाणल्या. आमच्याकडची तांदळाची भाकरी मऊ आणि गरीब स्वभावाची असते, हिला स्वतःची चव आहे.

सुमेध मात्र जेवला नाही. भाकरीचे बारीक तुकडे करून ताटाच्या कडेने लावत बसला. मी जन्मभर याच वयाच्या पोरांना वाढत आलेय. ती कशी जेवतात, न आवडलेलं कसं लपवतात, आजारी असली तर कुठून सुरुवात करतात, सगळं पाहिलेलं आहे. असं जेवताना मात्र कुणाला पाहिलं नव्हतं. तो भिंतीला पाठ चिकटवून बसला होता, जबडा आतल्या आत हलत होता, आणि थोड्या थोड्या वेळाने तो मान वळवून मागे बघत होता. मागे तर भिंत होती.

"टेन्शन हाय त्याला," कांताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्याचं पळणं बघायला गेलो. कांताबाईंची फार दिवसांची हौस होती ती. मैदान शहराबाहेर औशाच्या वाटेवर, चारी बाजूंना उभी ज्वारी. धुकं इतकं दाट होतं, की रिक्षावाल्याने दिवा लावूनही रस्ता चाचपत आणलं. आम्ही उतरलो तेव्हा आधी काही दिसलंच नाही. फक्त पाय ऐकू आले. खूप पाय, एका ठेक्यात, जवळ येताहेत, लांब जाताहेत. मग धुक्यातून पोरं बाहेर पडली, आमच्यासमोरून गेली आणि पुन्हा धुक्यात शिरली. कुणी बोलत नव्हतं, कुणी धापा टाकत नव्हतं. शेतात काम करणारी माणसंसुद्धा एकमेकांना हाका मारतात. ही पोरं नुसती फिरत होती.

उजाडलं तसं एक लक्षात आलं. मैदानावर चुन्याच्या पट्ट्या आखलेल्या होत्या, आणि सगळ्यात आतली पट्टी रिकामी होती. वळणावर ज्याला त्याला तीच जवळची, पण तिच्यावर कुणी पाय ठेवत नव्हतं. तिथे बारीक गवतसुद्धा उगवलं होतं.

पळणं संपलं. मला वाटलं आता पोरं फतकल मारतील, पाणी मागतील. मी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. कुणी बसलं नाही. सगळे जागच्या जागी येरझाऱ्या घालत होते, जबडे हलत होते, डोळे तारवटलेले. लाडू एकानेही घेतला नाही. इतकं पळून आलेल्या पोरांना भूक नाही, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

सुमेधच्या खोलीतला मित्र बालाजी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बुटका, हसऱ्या चेहऱ्याचा असावा, पण तेव्हा हसत नव्हता. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "मागं कोन हाय तुमच्या?"

मी वळून पाहिलं. ज्वारी होती, धुकं होतं.

"कुणी नाही रे बाळा."

पण तोवर सगळ्या पोरांनी तिकडे माना वळवल्या होत्या. कुणीही त्याची थट्टा केली नाही. सगळे बघत राहिले.

औसा

किल्ला बघायचा हट्ट माझा. औसा तसं लहान गाव, बाजार मात्र भरगच्च. तुरीची पोती, गूळ, बसची वाट बघणारी माणसं. स्टँडजवळ आम्ही सुशीला खाल्ली. नाव ऐकून मी आधी दचकलेच, मग कळलं की भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा पोह्यांसारखा पदार्थ. झकास लागतो. सुमेधने एक घास तोंडात घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

किल्ला गावाला लागूनच, जमिनीवरचा. आमचे किल्ले डोंगराच्या टोकावर नाहीतर समुद्रात, हा सपाटीवर खंदक खोदून बसलेला. कांताबाईंचे गुडघे दुखत होते, त्या दरवाजापाशी दगडावर टेकल्या. मी आणि सुमेध आत गेलो. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. वाळलेलं गवत, पडके बुरूज, जमिनीखाली उतरणाऱ्या पायऱ्या.

मी एका तोफेचे फोटो काढत होते. मान वर केली तर सुमेध नाही.

हाक मारली. उत्तर नाही. मग पाय ऐकू आले. पहाटे ऐकले होते तसेच, एका ठेक्यात, कुणीतरी पळतंय असे. तटावरून येताहेत म्हणून मी वर पाहिलं, तर ते खालून यायला लागले. मी पायऱ्या उतरून एका अंधाऱ्या बोळात शिरले. गारवा होता, पारव्यांच्या विष्ठेचा वास होता. बोळाच्या शेवटाला झरोक्यातून उजेड पडत होता, आणि तिथे सुमेध भिंतीला कान लावून उभा होता. स्तब्ध. धापसुद्धा लागलेली नव्हती.

पाय अजून वाजत होते.

"सुमेध."

त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हितंबी आला," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात डोक्यावरून पारव्यांचा थवा फडफडत उठला, झरोक्यातून बाहेर गेला, आणि सगळं शांत झालं. ते पारवेच होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि आजही सांगते.

"कोण आला रे?"

"दत्ता."

मी त्याला उजेडात आणून बसवलं. त्याच्या मानेवरची शीर इतक्या जोरात उडत होती, की माझी नजर तिच्यावरून हलेना. मी त्याचा हात हातात धरून ठेवला आणि तो जमिनीकडे बघत सांगत गेला. दत्ता त्याच मैदानावर पळायचा. इथलाच, औशाजवळच्या एका वाडीतला. सगळ्यांत जोरात, नेहमी आतल्या पट्टीवरून. पावसाळ्याच्या आधी एकदा शेवटच्या फेरीत तो तोंडावर पडला.

"मी त्याच्या मागंच होतो, मावशी. टायमिंग लावलेलं होतं. मी थांबलो न्हाई. त्याच्यावरून उडी मारून गेलो. फेरी मारून आलो तवर तो गेल्ता." त्याने मागे पाहिलं. "तवा मी त्याच्या मागं होतो. आता तो माझ्या मागं हाय. मी थांबलो की त्यो जवळ येतो. म्हनून झोपत न्हाई मी."

मी बाहेर आल्यावर लगेच कांताबाईंना बाजूला घेतलं. पोराला डॉक्टरला दाखवा, म्हटलं, हे नुसतं टेन्शन नाही. काहीतरी नशापाणी तर नाही ना, हेही विचारलं.

त्यांचा चेहरा लाल झाला. "ताई, माझं पोरगं सुपारीसुदिक खात न्हाई. आमच्या घरात दारूचा थेंब आला न्हाई आजवर. त्याचा बाप वस्तीत दारूबंदीसाठी भांडलेला मानूस हाय. मैतर मेला त्याचा, मनाला लागलंय त्याच्या."

त्या खोटं बोलत नव्हत्या. सुपारी तो खरंच खात नव्हता.

नांदेडच्या बसमध्ये आम्ही दोघी एका बाकावर बसलो, पण कांताबाई खिडकीकडे तोंड करून होत्या.

नांदेड

नांदेडला पोचल्यावर मन जरा हलकं झालं. गुरुद्वाऱ्यात डोकं टेकवलं, लंगरच्या पंगतीत बसलो. कुणीही या, बसा, जेवा. आणि वाढणारा माणूस असा आपुलकीने वाढतो, की खानावळवाली असून मला लाज वाटली. सुमेध तिथे वरणात बुडवून अर्धी पोळी जेवला. कांताबाईंनी माझ्याकडे बघितलं. 'बघा, जेवतो की नाही,' असं ते बघणं होतं.

दुसऱ्या दिवशी गावाकडे निघायचं होतं. सकाळी चहा घ्यायला बाहेर पडलो तर रस्ता बंद. भरती पुन्हा पुढे गेल्याची बातमी रात्री आली होती, आणि जिल्हाभरातून पोरं मोर्चाला आली होती.

मी मोर्चे पाहिलेत. घोषणा असतात, कर्णा असतो, पुढारी असतो. इथे सुरुवातीला तसं काहीच नव्हतं. रस्ताभर पोरं बसली होती, खेळाचे बूट घातलेली, सगळी सडसडीत, आणि बहुतेकांच्या हातात आपापले दाखले घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. एक जण मधेच उठून ओरडला, "माझं वय ह्या महिन्यात संपून राहिलंय!" आणि खाली बसला. मग लांबून दुसरा उठला, तेच ओरडला. मग तिसरा. उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं. पोलीस एका कडेला उभे होते, त्यांच्यातलाही एखादा अगदी या पोरांच्याच वयाचा.

बालाजी लातूरहून आला होता. सुमेध त्याच्याशेजारी जाऊन बसला. आम्ही चहाच्या टपरीपाशी थांबलो.

दगड कुणी मारला ते मला दिसलं नाही. एका दुकानाची काच खळकन फुटली आणि सगळा रस्ता एकदम उभा राहिला. पोलीस पुढे आले, टपरीवाल्याने आम्हाला आत ओढून फळी लावली. फटीतून मला सुमेध दिसला. बाकीची पोरं वाट फुटेल तिकडे पांगत होती, काही पोलिसांच्या अंगावर धावून जात होती. तो यातलं काहीच करत नव्हता. तो पळत होता, मैदानावर पळायचा तसा, कोपर अंगाशी, नजर समोर, जसं काही आजूबाजूला कुणी नाहीच. रस्त्याच्या शेवटाला त्याने एकदा मागे पाहिलं आणि वेग वाढवला.

गडबड निवली तेव्हा रस्त्यावर चपला आणि दाखल्यांच्या पिशव्या पडल्या होत्या. सुमेधचा फोन बंद. दुभाजकावर बालाजी एकटाच बसला होता. दात वाजत होते त्याचे, उन्हात.

कांताबाईंनी त्याला गदागदा हलवलं. "कुठं गेला रं सुमेध? बोल की! कामून गप बसलास?"

बालाजीने सदऱ्याची बाही वर सरकवली. कोपराच्या खळगीत काळे-निळे ठिपके होते, काही जुने, काही ताजे, एक तर पिकलेला.

"सगळेच घेतो आमी, काकू," तो म्हणाला. "ऑपरेशनच्या टायमाला बीपी पडू ने म्हनून देतेत, ते औषध हाय. एक जन गाडीवर येतो, देऊन जातो. घेतलं की दम लागत न्हाई, भूक न्हाई, झोप न्हाई. नुसतं पळत ऱ्हावं वाटतंय. पयलं निस्तं भरतीपुरतं म्हनून घेतलं. भरती पुढं पुढं जाऊन राहिली. आमीबी घेत राहिलो."

"दत्ता?" मी विचारलं.

"त्योबी. लई घ्यायचा. डाक्टर म्हनला हार्ट फेल. आमी कोनीच बोललो न्हाई."

कांताबाई त्या दुभाजकावरच बसल्या. रडल्या नाहीत. पदराने बालाजीचं तोंड पुसलं, त्याच्या घरचा नंबर मागून घेतला, त्याच्या थोरल्या भावाला फोन लावून बोलावून घेतलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, तुमी बोलल्या तवा मी ऐकायला पायजे होतं."

मी त्यांच्याशेजारी टेकले. दुसरं काय करणार होते?

उमरीकडचं गाव

पोलिसात सांगून झालं, दोन दवाखाने फिरून झाले. कांताबाई म्हणाल्या, घरीच जाईल तो, दुसरीकडं कुठं जाईल? जीपने गावी पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. चांगलं आटोपशीर गाव. निळ्या झेंड्याचं विहार, पाण्याची टाकी, पारावर म्हातारी माणसं. तरुण माणूस एकही नाही. "सगळे भायेर," कांताबाई म्हणाल्या. "कोन पुन्याला कंपनीत, कोन लातूरला, कोन कुठं."

घर गावाच्या कडेला आहे आणि घरामागूनच रेल्वे जाते. व्याही नागोराव रेल्वेतच गँगमन होते, रूळ तपासत चालण्यात सगळी नोकरी गेली, आता निवृत्त. अगदी अबोल माणूस. बायकोने सगळं सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसून ऐकत राहिले. फक्त एकदा विचारलं, "मागं कोन हाय म्हनतो त्यो?"

"दत्ता," मी सांगितलं.

सूर्य बुडायला आला होता. आम्ही मागच्या दारात बसलो होतो. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, पलीकडे रुळांचा भराव, त्यावर तांबूस आभाळ. नागोरावांनी अचानक हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"खडीवर पाय वाजून राहिलेत."

मला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. खरकन, खरकन, खरकन. तोच ठेका. भरावावर मुदखेडच्या बाजूने एक काळी आकृती येत होती, रुळांच्या मधून. मुदखेडपर्यंत तो कुणाच्या टेंपोत बसून आला होता आणि तिथून पुढे पळतच, हे आम्हाला नंतर कळलं.

कांताबाई "सुमेध!" म्हणून ओरडल्या. त्याने ऐकलं, पण त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. वेग वाढवून तो आमच्या घरासमोरून पुढे निघून गेला. त्याचे डोळे मला दिसले. ते आम्हाला बघत नव्हते.

"हाका मारू नका," नागोराव म्हणाले. "मालगाडी यायची हाय." आणि चपला तिथेच टाकून तो म्हातारा माणूस भरावावर चढला. अनवाणी त्या खडीवर पोराच्या मागे पळायला लागला. आम्ही दोघी खालून बांधाबांधाने पळत होतो, पडत होतो. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला.

नागोराव हाक मारत नव्हते. ते पळता पळता बोलत होते, घरात बोलावं तसं, दमलेल्या आवाजात. "मी हाय, बाबा. मागं मीच हाय. दुसरं कोनी न्हाई. पाय माझेच वाजून राहिलेत. मी हाय."

किती वेळ ते चाललं सांगता येत नाही. सुमेधचा वेग तुटत गेला. गाडीचा दिवा दिसायला लागला होता. मग तो थांबला आणि हळूहळू मागे वळला. वडिलांना बघून त्याचा चेहरा एखाद्या लहान पोरासारखा झाला.

"बाबा? तुमीच होता व्हय?"

"हाव. मीच होतो. चल घरी."

त्यांनी त्याला दंडाला धरून रुळांवरून खाली उतरवलं. मालगाडी आमच्या डोक्यावरून गेल्यासारखी धडधडत गेली, डबे संपता संपेनात. ती गेल्यावर पाहिलं तर दोघेही भरावाच्या उतारावर बसले होते आणि बापाच्या अनवाणी पायांतून, लेकाच्या फाटलेल्या बुटांतून रक्त येत होतं.

त्याच जीपने आम्ही त्याला परत नांदेडला नेलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी यंत्राची पट्टी बघितली आणि नर्सला पळवलं. नंतर म्हणाल्या, हृदयाचे ठोके पार भरकटलेत, आणखी थोडा पळाला असता तर उरला नसता. भास होतात तेही त्या औषधानेच, झोप नाही त्यानेच. बरा होईल, पण मनाच्या डॉक्टरांकडे बराच काळ जावं लागेल. आणि पळणं संपलं.

'पळणं संपलं' म्हटल्यावर कांताबाईंनी मान हलवली. ज्या नोकरीसाठी हे सगळं झालं तीही संपली, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सुमेध झोपला. असा झोपला, की मी अधूनमधून त्याच्या नाकाशी बोट धरून बघत होते. उठला तेव्हा कांताबाईंनी त्याला मऊ भात भरवला. खाता खाता तो एकदम म्हणाला, "दत्ताच्या आईला कोनीच सांगितलं न्हाई. ती अजून म्हनती, माझ्या पोराचं काळीज जन्मापासून कच्चं होतं."

परत औसा

माझ्या परतीच्या वाटेवर औसा होतंच, तिथून सोलापूरची बस मिळते. कांताबाई म्हणाल्या, मी येते तुमच्यासोबत औशापर्यंत, त्या बाईला भेटून येते. पोराजवळ नागोराव थांबले.

दत्ताची आई सोजरबाई. आम्ही त्यांच्या वाडीत पोचलो तेव्हा अंगणात तूर पाखडत होत्या. सुपाचा एकसारखा आवाज, वाऱ्यावर उडणारा भुसा, आणि ओट्यावर धुतलेले, वाळवून ठेवलेले खेळाचे बूट. पोरगा जाऊन इतके महिने झाले होते, पण बूट असे स्वच्छ होते जसं कुणी आत्ताच घालून निघणार आहे. मला त्यांच्याकडे बघवेना.

आम्हाला पाणी देऊन त्या पुन्हा सुपापाशी बसल्या. कांताबाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. सुमेधचं सगळं सांगितलं, बालाजीचं सांगितलं, औषधाचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुमचा दत्ताबी घेत होता, माय. काळीज कच्चं नव्हतं त्याचं."

सूप हलत होतं तसंच हलत राहिलं.

"मला म्हाईत हाय," सोजरबाई म्हणाल्या.

कांताबाई पुढे सरकल्या.

"आंगुळ घातली मी त्याला. शेवटची. हात बघितला. दोनी हात बघितले." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "बाकीच्या बाया होत्या सोबतीला. मी पान्याचा तांब्या जल्दी जल्दी वतला आन् वरून नवा सदरा घातला. लांब बाह्याचा."

"कामून बोलल्या न्हाई?" कांताबाईंचा आवाज फुटला. "तुमी तवाच बोलल्या असत्या तर माझं पोरगं..."

"हाव."

"बालाजी... सगळी पोरं..."

"हाव. बरुबर हाय तुमचं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "हार्ट फेल म्हनलं की लोक येऊन रडत्यात. सुई म्हनलं असतं तर थुकले असते. मेलेल्या पोराचं नाव कामून खराब करू म्हनलं. एवडंच केलं मी. झाकलं."

वाऱ्याने भुसा आमच्या अंगावर येत होता. मला वाटलं, कांताबाई आता उठून चालायला लागतील, आणि त्या लागल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. पण त्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी सोजरबाईंच्या केसांतला भुसा हाताने झटकला.

सोजरबाई उठल्या. हातपाय धुतले, कपाळ पुसलं, घराला कडी घातली.

"पोरं दुपारून असत्यात का मैदानावर?" त्यांनी विचारलं.

माझी बस सुटायची वेळ झाली होती. स्टँडवर दोघींनी मला चढवून दिलं, कांताबाईंनी राहिलेल्या भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर ठेवलं. खिडकीतून बघितलं, तर दोघी रस्ता ओलांडून लातूरच्या बाजूला रिक्षा थांबवत होत्या. बोलत नव्हत्या. एकीचा पदर वाऱ्याने उडत होता तो दुसरीने धरला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचल्यावर मी फोन लावला. सुमेध बरा होता, जेवला होता, झोपायला अजून घाबरत होता. मग मी मैदानावरचं विचारलं.

"सोजरबाई मधी जाऊन उभ्या राहिल्या," कांताबाई म्हणाल्या. "पोरं पळतच होती. एकेक करून थांबली. त्या ओरडल्या न्हाईत, रडल्या न्हाईत. आंगुळ घातली तवाचं सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच. तांब्याचं, सदऱ्याचं. मग म्हनल्या, माझ्यावानी तुमच्या आयांना कुनाला झाकायला लावू नका. बालाजी भावासंगं आल्ता, त्यो पयला पुढं आला. मग बाकीची. रडली ओ पोरं, ताई. मोठी मोठी पोरं. उद्या गाडी करून डाक्टरकडं न्यायची ठरलंय."

"सगळी आली?"



"न्हाई. एक जन पळून गेला. ज्वारीत शिरला, दिसलाच न्हाई परत." कांताबाईंनी श्वास घेतला. "सोजरबाई त्याच्या गावाला गेल्यात. त्याच्या आईकडं."